तांबडी रेघ

गेल्या दोन-तीन वर्षांपासून दर रविवारीं सकाळीं मी सुभाषनगरच्या स्थानकावर मेट्रो गाडींत बसतों आणि चितार ओळीच्या स्थानकावर उतरतों. तेथून महालांतील आमच्या जुन्या घरापर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे. आई तेथें दादाजवळ राहते. तिला भेटणें हा या प्रवासाचा उघड हेतु. परंतु खरें सांगावयाचें तर हेतूइतकाच हा प्रवासहि मला आवडूं लागला आहे. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें आगगाडीच्या खिडकीची हौस कबूल करणें कांहींसें लाजिरवाणें खरें. पण ज्या वयांत जुन्या हौशी एकेक करून निरोप घेतात, त्या वयांत एखादी नवी हौस आपण होऊन दारीं आली, तर तिला परत कां पाठवावें?

या गाडींतून दिसणारें नागपूर मीं पूर्वीं कधीं पाहिलेंच नव्हतें. आपलीं घरें आपण रस्त्यावरून जाणारांसाठीं नटवितों. दर्शनी भिंतीला रंग, सज्जाला नक्षी, फाटकाला नांवाची पाटी! कोणी माणूस वरून, भर आकाशांतून, आपल्या गच्चीकडे निवांतपणें पाहत जाईल, हें कोणाहि घरमालकाच्या स्वप्नांत आलें नसेल. म्हणून गच्च्या बेसावध राहिल्या. मोडकी बाज, मुलांनीं टाकून दिलेल्या सायकलीचा सांगाडा, पाण्याच्या काळ्या टाक्या, वाळत घातलेल्या मुगाच्या वड्या, फुटक्या बादलींत जोमानें वाढलेली तुळस, हें सारें आपण कोणाच्या घरांत न विचारतां शिरल्यासारखें पाहतों. धरमपेठेकडच्या एका गच्चीवर एक वृद्ध गृहस्थ दर रविवारीं सूर्यनमस्कार घालतांना दिसतात. प्रारंभीं गाडी आली कीं ते संकोचून थांबत. आतां थांबत नाहींत.

सीताबर्डीला डब्यांतील माणसें बदलतात. रूळ ओलांडून गाडी पूर्वेकडे निघाली, कीं खालच्या शहराची वीणहि बदलते. पश्चिमेला झाडें, कुंपणें, दोन घरांमध्यें सोडलेली जागा. पूर्वेला घराला घर चिकटलेलें, आणि सिमेंटच्या गच्च्यांमधून मधूनच डोकावणारें कवेलूंचें एखादें जुनें छप्पर. माझा जन्म या दुसऱ्या नागपुरांतला आणि संसार पहिल्या नागपुरांतला. दोन्हीं नागपुरें आपापल्या परीनें मला आपलीं मानतात. आणि जें मी लिहावयास बसलों आहें, त्यांत माझी अडचणहि हीच आहे.

शहर वसलें तें मुळीं बारा खेडीं एकत्र करून. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा यानें सन १७०२ मध्यें तें वसविलें. त्याचा मुलगा चांद सुलतान यानें त्याला तट घातला. त्या तटाचा जुम्मा दरवाजा आज गांधी दरवाजा या नांवानें महालाच्या तोंडाशीं उभा आहे. पुढें १७४३ मध्यें रघूजी भोसल्यांनीं येथें राजधानी केली. वस्त्यांचीं नांवें पाहा: इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. पुण्याच्या पेठांप्रमाणें येथेंहि वारांवरून जागा ओळखल्या जातात. जेथें माल विकावयाचा तेथेंच माडीवर राहावयाचें, हा त्या शहराचा नियम होता. किंबहुना हा नियम आहे हें कोणाला ठाऊकहि नसावें, इतका तो अंगवळणीं पडलेला होता. चितार ओळींत आजहि खालीं गणपतीच्या मूर्ति रंगत असतात आणि वरच्या खिडकींत मुलें शाळेचा अभ्यास करीत असतात.

१८५४ मध्यें संस्थान खालसा झालें, १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण झाला, १८६७ मध्यें मुंबईकडून आगगाडी आली आणि १८७७ मध्यें टाटांची एम्प्रेस गिरणी सुरू झाली. (ती गिरणी २००२ मध्यें बंद पडली; तिचा भोंगा ऐकून घड्याळ लावणारी माझी पिढी बहुधा शेवटची.) इंग्रजांनीं आपली वस्ती सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे, मोकळ्या हवेंत केली, आणि रूळांच्या अलीकडचें तें जुनें व पलीकडचें तें नवें अशी वांटणी पडत गेली. १८९६ च्या प्लेगानंतर मुंबईंत १८९८ सालीं शहर सुधारण्यासाठीं स्वतंत्र मंडळ नेमलें गेलें. दाट वस्तींतून रुंद रस्ते काढावे, घराघरांत वारा व ऊन पोंचवावें, म्हणजे रोग पळेल, अशी त्या काळची श्रद्धा होती, आणि ती सर्वस्वी चुकीची होती असें म्हणवत नाहीं. त्याच धर्तीवर नागपुरासाठीं १९३६ मध्यें कायदा झाला व सुधार प्रन्यास अस्तित्वांत आला.

या 'सुधार' शब्दाची मला नेहमींच मौज वाटते. आमच्या आज्यांच्या काळीं शहर सुधारावयाचें असे. आमच्या काळीं त्याचा विकास व्हावयाचा असतो. सुधारणें या क्रियेंत कांहीं तरी बिघडलें आहे अशी कबुली असते, आणि सुधारणारावर जबाबदारी येते. विकास म्हणजे कळीचें फूल होणें. तें आपोआपच होतें, त्याला जबाबदार कोण? शब्द बदलला, त्याबरोबर कचेरीचा स्वभावहि बदलला कीं काय, हें तिच्या जिन्यावर चपला झिजविलेल्या माणसांनीं सांगावें. त्यांत मीहि एक आहें.

आतां मूळ गोष्टीकडे येतों. महालांतील आमचें घर म्हणजे कांहीं भोसलेकालीन वाडा नव्हे. माझ्या पणजोबांनीं बांधलेलें, मातीच्या भिंतींचें, सागवानी खांबांचें एक मध्यम घर. त्याच्या दर्शनी भागाला छपरी आहे. पुण्या-मुंबईचे वाचक तिला ओसरी म्हणतील. नऊ फूट रुंद, चार खांबांची. बाबांचें वर्तमानपत्र, आईची भाजी निवडण्याची जागा, आमचा अभ्यास, पाहुण्यांचा चहा, आणि मृत्यूनंतर दहा दिवस भेटीला येणारांची बैठक, हें सगळें या छपरींत झालें. समोरची गल्ली पंधरा फुटांची. मी सहा-सात वर्षांचा असेन. शहराच्या विकास आराखड्यांत ही गल्ली चाळीस फुटांची झाली आहे, असें समजलें. बाबा कचेरींतून नकाशा पाहून आले आणि त्यांनीं जेवतांना शांतपणें सांगितलें, "आपली छपरी रस्त्यांत आहे. आंतल्या खोलीचेहि तीन फूट जातात." मीं धांवत बाहेर जाऊन पाहिलें. छपरी होती तेथेंच होती.

त्यानंतर सुमारें चाळीस वर्षें ती तेथेंच राहिली. पण त्या दिवसापासून ती आमची राहिली नाहीं, हें मला फार उशिरां कळलें. कवेलू फुटलें तर बदलावें, पण छप्पर नवें करूं नये. खांबाला वाळवी लागली तर औषध घालावें, पण खांब बदलूं नये. कारण 'ती आतां जाणारच आहे.' घराची बाकीची तीन अंगें वेळोवेळीं नवीं झालीं, फरशी आली, गॅस आला, माडीवर दोन खोल्या चढल्या. छपरी मात्र जुनीच्या जुनी उभी राहिली. महालांतल्या कितीतरी घरांचीं तोंडें अशींच थिजून गेलेलीं मीं पाहिलीं आहेत. परका माणूस म्हणतो, 'जुनें शहर कसें मोडकळीस आलें आहे पाहा!' मोडकळीचें एक कारण कागदावरची एक रेघहि असूं शकते, हें त्याला कसें कळावें?

कायद्यानें यावर उपाय ठेवलेला आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या १२७ व्या कलमाप्रमाणें, आराखड्यांत राखून ठेवलेली जमीन दहा वर्षांत ताब्यांत घेतली नाहीं, तर मालकाला सूचनापत्र देतां येतें. आणि तें दिल्यानंतरहि ठरलेल्या मुदतींत कांहीं हालचाल झाली नाहीं, तर आरक्षण रद्द समजलें जातें. मीं नोकरीला लागल्यावर हें कलम शोधून काढलें आणि मोठ्या उत्साहानें मसुदा तयार करून बाबांपुढें ठेवला. त्यांनीं तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "शेजारचे काका कसे गेले, आठवतें?"

आठवत होतें. मी तेव्हां बारा वर्षांचा होतों. रात्रीं शेजारच्या काकांच्या छातींत कळ आली. रुग्णवाहिका आली, पण ती चौकांतच अडली. गल्लींत एक हातगाडी आणि दोन उभ्या बैलगाड्या होत्या, आणि त्या नसत्या तरी ती आंत वळली असती कीं नाहीं कोण जाणे. चौघांनीं बाज उचलली. बाबा त्यांपैकीं एक होते. चौकाशीं पोंचेपर्यंत बाजेवरचें माणूस गेलें होतें.

"रस्ता व्हायला पाहिजे," बाबा म्हणाले. "सूचनापत्र द्यायचें नाहीं."

एवढेंच. मीं पुष्कळ वाद घातला. रस्ता होत नाहीं आणि घरहि दुरुस्त करतां येत नाहीं, यांत कोणाचें हित आहे, असें विचारलें. उत्तर आलें नाहीं. मसुदा अजून माझ्या टेबलाच्या खणांत आहे. बाबा २०१४ मध्यें गेले. दहा दिवसांची बैठक अर्थात् छपरींतच झाली.

बाबा छत्तीस वर्षें महालांतून सिव्हिल लाइन्सपर्यंत सायकलनें कचेरींत गेले. त्यांनीं नोकरी धरली तेव्हां नागपूर ही राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं ती राहिली नाहीं. सायकल मात्र त्याच रस्त्यानें जात राहिली. त्या वेळीं टांगे होते, सायकल-रिक्षा होत्या. पुढें लूना आली, स्कूटर आली, आणि नागपूरकरानें सार्वजनिक वाहनाचा नाद सोडला तो सोडलाच. राज्य परिवहनाच्या शहर-बसगाड्या होत्या, मग स्टार बस आली, आज आपली बस आहे. पण नांवांत 'आपली' घातलें तरी मध्यमवर्गानें तिला आपली म्हटलेलें नाहीं. घरांत माणसें चार आणि दुचाक्या पांच, हा आमच्या शहराचा हिशेब. गल्ल्या अरुंद आहेत म्हणून आपण कुरकुरतों. परंतु गल्ली बाबांच्या सायकलीला कधींच अरुंद पडली नव्हती.

तेव्हां मेट्रोचें काम २०१५ मध्यें सुरू झालें, त्या वेळीं मी मनापासून आनंदलों. ८ मार्च २०१९ ला पहिली गाडी खापरी ते सीताबर्डी धांवूं लागली, पुढच्या जानेवारींत आमच्या पश्चिमेच्या बाजूची, आणि ११ डिसेंबर २०२२ ला पहिला टप्पा पुरा होऊन प्रजापतीनगर व ऑटोमोटिव्ह चौक हीं दोन टोकें जोडलीं गेलीं. मुंबईनंतर महाराष्ट्रांत मेट्रो आली ती पुण्याच्या आधीं नागपुरांत, ही गोष्ट पुण्याच्या पाहुण्यांना मी चहाच्या पहिल्या घोटाबरोबरच सांगतों. वर्धा रस्त्यावर खालीं रस्ता, मध्यें उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी ३.१४ किलोमीटरची दुमजली रचना आहे. तिची गिनीजच्या ग्रंथांत नोंदहि झाली. नोंद झाली, आनंद आहे. तिच्या खालून वर्धा रस्ता पायीं ओलांडून दाखविणारासाठींहि एखादें प्रशस्तिपत्र असावें, एवढीच माझी सूचना.

दुपारीं डबे मोकळे धांवतात असें टीकाकार म्हणतात. तें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. पण दोष गाडीचा नाहीं. स्थानकापासून घराच्या उंबऱ्यापर्यंतची वाट कोणी आंखलेली नाहीं. उतरल्यावर पदपथ सांपडेल, सांवली सांपडेल, दहा मिनिटांत बस मिळेल अशी खात्री नसेल, तर माणूस घरूनच स्कूटर काढतो. आणि एकदां स्कूटरवर बसला कीं स्थानकावर कशाला उतरतो? शिवाय जेथें रुंद रस्ता आहे तेथूनच गाडी नेतां येते. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून ती जाते, महालाला मात्र वळसा घालते. ज्या वस्तींत गाडी ठेवायला जागाच नाहीं, तेथल्या लोकांना सार्वजनिक वाहनाची गरज सर्वांत अधिक. आणि त्यांनाच तें सर्वांत दूर!

वर्गांत मी अर्थशास्त्र शिकवितों, आणि दर वर्षीं एखादा आठवडा शहरांच्या रचनेला देतों. तेथें मी फार ठाम बोलतों. १८५३ नंतर पॅरिस फोडून नवे राजरस्ते काढणारा ओसमान सांगतों. १९१४ मध्यें हिंदुस्थानांत आलेला आणि पुढें मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचें अध्यापन करणारा पॅट्रिक गेडीज सांगतों. गेडीजचें म्हणणें असें कीं, जुन्या वस्तीवर कुऱ्हाड चालवूं नये. रोगी भाग तेवढा ओळखून, बाकीच्याला धक्का न लावतां, जपून शस्त्रक्रिया करावी. एखादें पडकें घर काढून चौक मोकळा करावा, झाड लावावें, विहीर स्वच्छ करावी. १९१८ मध्यें त्यानें इंदूरवर लिहिलेला अहवाल हा माझा आवडता ग्रंथ आहे. जेन जेकब्ज या अमेरिकन बाईंनीं १९६१ मध्यें निवासाचे व व्यापाराचे विभाग वेगळे करण्याच्या वेडावर जो हल्ला चढविला, तोहि मी रंगवून सांगतों. मग उदाहरण म्हणून धंतोली घेतों. निवांत निवासी वस्ती म्हणून ती ओळखली जाई. आज तेथें घराघरांत रुग्णालय आहे आणि रुग्णांच्या गाड्यांनीं रस्ते तुंबलेले आहेत. नकाशावर एक रंग भरला म्हणून जमीन त्या रंगाची राहत नाहीं, हें वाक्य मी तेथें म्हणतों आणि मुलें तें लिहून घेतात.

मेट्रोच्या दोन्हीं अंगांना पांचशें मीटरांच्या पट्ट्यांत, रस्त्याची रुंदी व भूखंडाचा आकार पाहून, चारपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक देण्याचें धोरण २०१७ मध्यें ठरलें. गाडीजवळ माणसें राहावीं, म्हणजे गाडी भरेल व शहर पसरणार नाहीं, हा त्यांतला विचार मला पटतो. पण येथेंहि किल्ली रस्त्याच्या रुंदीचीच. ज्याच्यापुढें रुंद रस्ता त्याला उंच इमारत. ज्याच्यापुढें गल्ली त्याला गल्ली.

अशा माझ्या ठाम ज्ञानाला २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाणी लागलें. हें अलंकारानें म्हणत नाहीं. त्या रात्रीं कांहीं तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी ओसंडली, नाग नदी फुगली, आणि पश्चिम नागपुरांतल्या ज्या वस्त्यांना आम्हीं आंखीव-रेखीव म्हणून मिरवीत आलों, त्यांतच पाणी शिरलें. माणसेंहि दगावलीं. आमचें घर तळमजल्यावर आहे. पहाटे चारच्या सुमारास बायकोनें मला हलवून उठविलें तेव्हां माझ्या चपला खोलींत तरंगत होत्या. रीतसर मंजूर ले-आउट, रीतसर मंजूर नकाशा, घरांमध्यें नियमाप्रमाणें सोडलेली जागा. सर्व कांहीं होतें. नाला तेवढा नकाशांतून हळूहळू बारीक होत गेला होता आणि सिमेंटचा रस्ता दर खेपेला उंच होत गेला होता. चूक कोणाची, याचा खल न्यायालयापर्यंत गेला. मीं तो येथें करीत नाहीं. नाग नदीला मात्र आपली जुनी वाट बिनचूक ठाऊक होती.

माझीं पुस्तकें खालच्या चार फळ्यांवर होतीं. दादा दुपारीं टेंपो घेऊन आला, ओलीं पुस्तकें गोण्यांत भरलीं आणि महालांत घेऊन गेला; कारण वाळवायला जागा तेवढीच होती. पुढचे दहा दिवस आमच्या छपरींत गेडीज, मार्शल, रानडे आणि गोखले दोरीवर व बाजेवर पसरलेले होते. ऐंशीपलीकडची माझी आई पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालीत बसली. एकदां तिनें इंदूरच्या अहवालाची छायाप्रत उचलून विचारलें, "हें फार महागाचें आहे कां रे? याला तूं सारखा हात लावून राहिला."

त्याच छपरीच्या तिसऱ्या खांबावर पुढच्या वर्षीं तांबडी फुली आली. दोन माणसें टेप व रंगाचा डबा घेऊन आलीं, त्यांनीं मोजलें, फुली मारली, आंतल्या खोलीच्या भिंतीवर एक तांबडी रेघ ओढली आणि चहा घेऊन गेलीं. चाळीस फुटांचा रस्ता होणार होता. मोबदला रोख घ्यावयाचा कीं हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपानें, तें आम्हीं लिहून द्यावयाचें होतें.

दादाला रस्ता हवा होता. त्याचा हिशेब सरळ होता. गल्ली रुंद झाली कीं मागच्या जागेवर चार मजले चढतील, खालीं दोन दुकानें निघतील, त्याच्या मुलाला पुण्याहून परत यावयास कांहीं कारण राहील. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. पण पांच-सहा वर्षांपासून त्यांचे गुडघे दुखतात आणि घरांत उद्वाहन असावें ही इच्छा त्यांनीं लपविलेली नाहीं. आणि मी? मीं सांगितलें कीं न्यायालयांत जावें. इतक्या वर्षांत जमीन घेतली नाहीं, तेव्हां हरकत घेतां येईल. निदान चाळीस फुटांऐवजीं तीस फुटांचा आग्रह धरावा. जुन्या वस्तींत मोटारी आणण्यापेक्षां मोटारी बाहेर ठेवणें शहाणपणाचें. मी फार चांगलें बोललों असलों पाहिजे, कारण वर्गांत बोलतों तसेंच बोललों.

दादानें सर्व ऐकून घेतलें. मग म्हणाला, "तूं इथं राहत नाहींस."

याला उत्तर नव्हतें. पंचवीस वर्षांपूर्वीं मी पश्चिमेला गेलों तो प्लॉट मिळाला म्हणून, हवा चांगली म्हणून, आणि मुलांच्या शाळेची बस दारांत येईल म्हणून. महालाची वीण किती सुंदर आहे हें मला तिकडे गेल्यावर कळलें. जुन्या शहराचें जतन व्हावें असें म्हणणारे आम्ही बहुतेक लोक जुन्या शहराबाहेर राहतों, हें मीं कोणत्याहि व्याख्यानांत मुलांना सांगितलेलें नाहीं.

आई तांदूळ निवडीत होती. तिनें मान वर केली नाहीं. "तुम्ही दोघे कशाला भांडून राहिले?" ती म्हणाली. "दादाची मुंज झाली त्या वर्षीं ती रेघ आली. तेव्हांपासून मी हिला पाहुण्यासारखी सांभाळून राहिली. तुझ्या बाबांनीं कबूल केलें होतें, तें द्यायचें." आणि थोड्या वेळानें, "खांब तेवढे नीट काढा म्हणावं. सागाचे आहेत."

मीं सही केली. चौकांतला पानवाला मला येतां-जातां विचारीत असे, "रस्ता तर होऊनच राहिला जी, सर. तुमची सही झाली कां?" त्या दिवशीं त्यानें विचारलें नाहीं, बातमी त्याच्याकडे माझ्याआधीं पोंचली होती.

ज्या दिवशीं छपरी उतरविली त्या दिवशीं मला दोन तास होते. ते मीं घेतले. रजा सहज मिळाली असती. दादानें मिस्त्री लावून कवेलू, वांसे, खांब असें क्रमानें काढून घेतलें. यंत्र आलें तेव्हां त्याला पाडण्यासारखें फारसें उरलें नव्हतें. पुढच्या रविवारीं चितार ओळीला उतरून मी चालत गेलों, तेव्हां घर मला चटकन ओळखूं आलें नाहीं. आंतली खोली अर्धी उघडी होती. जेथें आमच्या उंचीच्या खुणा केल्या होत्या ती भिंत रस्त्यावर येऊन उभी होती. खडी पसरलेली होती. त्या खडीवरून एक रुग्णवाहिका सावकाश, कोठेंहि न अडतां, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि वळून परत आली. तिच्यांत कोणी नसावें. चालकाला बहुधा नवीन वाट पाहावयाची होती.

"आतां बस येईल कां रे इथून?" आईनें विचारलें. "म्हणजे तुला उन्हांत चालावं लागणार नाहीं."

येईल असें मीं म्हटलें. अजून आलेली नाहीं. रस्त्याच्या दोन्हीं कडांना दुचाक्या लागूं लागल्या आहेत, आणि मधून जावयास पूर्वींइतकीच जागा उरते. दादाचा नकाशा मंजुरीसाठीं गेला आहे. सागाचे चारहि खांब मागच्या अंगणांत भिंतीला टेकून ठेवलेले आहेत. तिसऱ्यावर तांबडी फुली अजून स्पष्ट दिसते. आईनें त्याला वाळवणाची दोरी बांधली आहे.